गाव त्या वर्षी कोणाच्या दप्तरात होते? : नाशिक जिल्ह्यातील जुन्या तालुक्याचा आणि त्याच्या स्थानिक कारभाराचा इतिहास शोधण्याची रीत

हरसूल आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. १९९९ पूर्वी ते पेठ तालुक्यात होते आणि त्याही आधी, १८७८ पर्यंत, पेठ संस्थानात. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे कागद तीन वेगवेगळ्या कारभारांच्या हाताखाली तयार झाले. आपल्या गावाचा किंवा जुन्या तालुक्याचा इतिहास लिहायला बसणारे पुष्कळ जण नेमके येथेच चुकतात. ते आजच्या तालुक्याच्या कचेरीत जातात, तेथे काही मिळाले नाही की ‘जुने सगळे नष्ट झाले’ असे समजतात आणि मग ऐकीव माहितीवर पुस्तिका काढतात.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या आजोळच्या गावाची माहिती जमवताना मी एक संपूर्ण पावसाळा एका तालुका कचेरीच्या अभिलेख कक्षाच्या पायऱ्या झिजवल्या. दर खेपेला ‘आमच्याकडे एवढे जुने काही नाही’ एवढेच उत्तर मिळाले आणि ते खरेही होते. शेवटी एका निवृत्त तलाठ्यांनी विचारले, “गाव इथलं आहे हो, पण दप्तर इथलं आहे का?” गाव ज्या तालुक्यातून फुटून निघाले होते, त्या तालुक्याच्या कचेरीत चौकशी केल्यावर पंधरा दिवसांत रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हाती आले. म्हणून या लेखातील सगळी रीत एकाच प्रश्नाभोवती बांधलेली आहे : ज्या वर्षाविषयी लिहायचे आहे, त्या वर्षी हे गाव कोणाच्या दप्तरात होते?

आधी कालपट, मग कचेरी

एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर सहा रकाने आखावेत : वर्ष, राज्य किंवा प्रांत, जिल्हा, तालुका, स्थानिक संस्था आणि ते दप्तर आज कोठे असण्याचा संभव आहे. हाच आपला कालपट. कोणत्याही कचेरीत पाऊल टाकण्यापूर्वी या कागदाचे पहिले पाच रकाने जमतील तेवढे भरलेले असावेत.

नाशिक जिल्ह्यापुरती काही वर्षे सर्वांनाच लागतात. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला, तेव्हा नाशिक नावाचा जिल्हा नव्हता. आजच्या जिल्ह्याचा दक्षिण भाग अहमदनगरकडे आणि मालेगाव, बागलाण, नांदगाव हा उत्तर भाग खानदेशाकडे होता. स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. म्हणजे सटाण्याकडील एखाद्या गावाच्या १८५० सालच्या कागदावर ‘जिल्हा खानदेश’ असेल आणि सिन्नरकडील गावाच्या कागदावर ‘जिल्हा अहमदनगर’, आणि दोन्ही बरोबरच असतील. पेठ १८७८ मध्ये, तेथील बेगमेच्या मृत्यूनंतर, ब्रिटिश मुलखात आले. सुरगाणा मात्र संस्थान म्हणूनच राहिले आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन नाशिकचा तालुका झाले; त्यामुळे १९४८ पूर्वीच्या सुरगाण्यात नाशिकच्या लोकल बोर्डाचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आधीच्या स्थानिक संस्थेचा, कारभार शोधणे व्यर्थ आहे. १९९९ मध्ये देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके झाले आणि जिल्ह्यातील तालुक्यांची संख्या तेरावरून पंधरा झाली.

मधले तपशील भरण्यासाठी तीन साधने पुरेशी आहेत. पहिले म्हणजे १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड, जो संपूर्ण नाशिकवर आहे आणि ज्यात त्या वेळच्या बाराही तालुक्यांचे वेगवेगळे वर्णन आहे. दुसरे म्हणजे १९७५ ची सुधारित आवृत्ती, जिच्यात स्थानिक स्वराज्य संस्थांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिसरे म्हणजे जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका; १९५१ पासूनच्या हस्तपुस्तिकांत तालुकावार गावांच्या याद्या आहेत. आपले गाव एका दशकात एका यादीत आणि पुढच्या दशकात दुसऱ्या यादीत दिसले, तर हद्द मध्ये कधीतरी बदलली हे निश्चित झाले आणि शोध दहा वर्षांच्या आत आला. इंग्रजी ग्रंथांत नावे जुन्या स्पेलिंगने येतात, पेठचे पेइंट आणि चांदवडचे चांदोर होते, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर समोर असलेले नावही ओळखू येत नाही.

शहरालगतच्या गावांनी आणखी एक वर्ष कालपटावर लिहावे. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली आणि नाशिक, सातपूर व नाशिकरोड-देवळाली या नगरपालिकांबरोबर आसपासची अनेक खेडी तिच्यात गेली. त्या खेड्यांच्या ग्रामपंचायतींची दप्तरे कोणाच्या ताब्यात गेली, हा त्यांच्या इतिहासाचा पहिला प्रश्न आहे. तसेच गट ग्रामपंचायतीतून, म्हणजे अनेक गावांच्या मिळून असलेल्या पंचायतीतून, वेगळ्या झालेल्या गावांनी जुनी इतिवृत्ते मूळ पंचायतीत पाहावीत.

एका आण्याचा माग

कालपटाचा पाचवा रकाना, म्हणजे स्थानिक संस्थेचा, भरणे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक पुस्तिकांत सुटलेले दिसते. राजे आणि लढाया यांवर पाने खर्च होतात. पण गावची विहीर कोणी बांधली, मास्तरांचा पगार कोण देत असे, देवीची लस टोचणारा कोणाचा नोकर होता, यांविषयी एक ओळही नसते. वास्तविक माणसांचे रोजचे जगणे याच कारभाराने घडवले आहे. तो शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पैशाचा माग काढणे : कर कोणी बसवला, तो कोठे जमा झाला आणि कशावर खर्च झाला.

नाशिक जिल्हा झाला त्याच वर्षी, १८६९ मध्ये, मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यावा आणि तो मुख्यतः रस्ते व शाळा यांवर खर्च करावा, अशी त्याची रचना होती. ज्या शेतकऱ्याचा सारा ४८ रुपये, त्याला ४८ आणे, म्हणजे ३ रुपये लोकल फंड. जुन्या हिशेबी कागदांत ‘लोकल फंड’ हा वेगळा रकाना दिसतो, तो हाच. कोंडवाड्याची फी आणि नावेने नदी ओलांडण्याचा कर यांचे उत्पन्नही या फंडात येत असे. आज शेतसाऱ्याची पावती हातात घेतली तर तिच्यावर जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर वेगळा दाखवलेला असतो. त्या जुन्या आण्याचा वंश अजून चालू आहे, आणि ही एक पावती शाळेतल्या मुलांना दाखवून स्थानिक कारभाराचा इतिहास जितका चांगला समजावता येतो, तितका तो कायद्यांची नावे पाठ करून घेऊन समजत नाही.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि त्याला अनुसरून १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्ड अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था आली. नावात लोक असले तरी सूत्रे सरकारी अधिकाऱ्यांच्याच हाती होती : जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि तालुका बोर्डाचे अध्यक्ष प्रांत अधिकारी असत, सभासद काही निवडलेले व काही नेमलेले असत आणि मताचा हक्क मालमत्तेवर अवलंबून असे. १९२३ च्या नव्या लोकल बोर्ड कायद्यानंतर निवडलेल्या सभासदांचे वजन वाढले. तालुका बोर्डे १९३० च्या दशकाच्या अखेरीस मोडीत निघाली आणि जिल्हा बोर्ड तेवढे उरले. म्हणून १९४५ सालच्या ‘तालुका बोर्डाच्या सभासदा’ची गोष्ट कोणी सांगितली, तर वर्ष किंवा पद यांपैकी एक चुकलेले आहे असे समजून पुन्हा विचारावे.

गावपातळीवर १९२०, १९३३ आणि १९५८ असे ग्रामपंचायतीचे तीन कायदे झाले. पहिल्या दोन कायद्यांखाली पंचायत सगळ्याच गावांत नव्हती. त्यामुळे ‘आमची पंचायत १९२० ची’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तरी स्थापनेचा कागद पाहिल्याशिवाय ते छापू नये. १९५८ चा कायदा मुंबई राज्याच्या नावाने झाला आणि पुढे त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ आले. जुन्या ठरावांत मुंबई ग्रामपंचायत अधिनियम असे दिसते तो वेगळा कायदा नव्हे.

त्यानंतरची मोठी रेघ १ मे १९६२ ची आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या अधिनियमानुसार त्या दिवसापासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, जिल्हा लोकल बोर्ड संपले आणि शाळा, दवाखाने, रस्ते परिषदेकडे आले. गावचे वतनी कारभारीही याच काळात गेले : कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. बारा वर्षांच्या आत गावाचा कारभार वतनदाराच्या ओसरीवरून पगारी नोकराच्या टेबलावर आणि निवडलेल्या सदस्यांच्या सभेत गेला. माझ्या मते कोणत्याही गावाच्या इतिहासात या बारा वर्षांना सर्वांत मोठे प्रकरण द्यावे, कारण ती पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

१९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती आणि तिच्यातून आलेले आरक्षण बहुतेकांना माहीत असते. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाण परिसरातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून तेथील लेखकांनी अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. तेथे पाड्याची ग्रामसभा हा वेगळा विषय आहे.

बागलाण-कळवणच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. मोसम आणि गिरणा खोऱ्यांत बंधाऱ्याच्या पाण्यावर चालणारी फड पद्धत ही सुद्धा स्थानिक कारभाराचीच संस्था होती. कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, यंदा कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत, पाणी देण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागल्या नेमत, आणि त्यांचा मोबदला सगळ्यांवर वाटून बसे. तिची नोंद बोर्डाच्या दप्तरात शोधू नये. ती बंधाऱ्याच्या पंचांच्या घरच्या वह्यांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सापडते.

कागद कोठे आणि कसा मागावा

सुरुवात गावातूनच करावी. ग्रामपंचायतीत तीन गोष्टी मागाव्यात : मासिक सभेची व ग्रामसभेची जुनी इतिवृत्ते, ज्यांना सगळे प्रोसिडिंग बुक म्हणतात, नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, आणि पंचायत स्थापन झाल्याची अधिसूचना. नमुना ८ च्या जुन्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की माती-धाब्याची घरे कधी कौलारू झाली आणि वस्ती कोणत्या अंगाने वाढली, हे घरागणिक वाचता येते.

शाळेत जनरल रजिस्टरबरोबर शेरेबुक अवश्य मागावे. तपासणीला आलेले अधिकारी त्यात शेरा लिहीत, आणि पानावरचा शिक्का बदलत जातो : आधी लोकल बोर्ड, मग स्कूल बोर्ड, मग जिल्हा परिषद. शेऱ्यातली वाक्ये लहान असतात, पण बोलकी असतात. मी पाहिलेल्या एका शेरेबुकात एकाच छपराच्या गळतीचा उल्लेख ओळीने चार तपासण्यांत होता, आणि पाचव्या शेऱ्यात गळती नव्हती, पण शिक्का नव्या संस्थेचा होता. कारभार बदलला म्हणजे काय झाले, याचे याहून चांगले उदाहरण मला अजून मिळालेले नाही.

तलाठी कार्यालयात, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार नोंदी, जुने सातबारे आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, असते. जुने सातबारे आणि फेरफार यांपैकी बरेच ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. तेथेही गाव मिळाले नाही तर जुना तालुका निवडून पाहावा. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून जुना आणि नवा नंबर जोडून दाखवणारा उतारा आधी घ्यावा.

शासकीय अभिलेखांचे अ, ब, क-१, क आणि ड असे वर्ग असतात : अ कायमचे, ब ३० वर्षे, क-१ दहा वर्षे, क पाच वर्षे आणि ड एक वर्ष. हे ठाऊक असले म्हणजे नष्ट झालेल्या कागदासाठी हेलपाटे होत नाहीत आणि अ वर्गातला कागद ‘नाही’ म्हटला तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा विचारता येते. तोंडी विनंतीने काम झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्जात ‘गावाचा सर्व इतिहास द्यावा’ असे लिहू नये. ‘अमुक गावच्या अमुक ते अमुक वर्षांच्या सभांची इतिवृत्ते पाहण्यास मिळावीत’ असे लिहून प्रतींऐवजी आधी पाहणी मागावी. पाहिल्यावर नेमक्या पानांच्या नकला घ्याव्यात.

पेशवाईतील आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या कागदांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात जावे लागते, आणि तेथील बहुतेक मराठी कागद मोडी लिपीत आहेत. मोडी येत नसेल तर पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात, ते करावेत. चार महिने दिले तर साधा हिशेबी कागद वाचता येऊ लागतो. नाशिकमध्येच १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या पुस्तकांची आणि नियतकालिकांची चौकशी तेथे करावी.

तारखांनी नवख्याची फार दमछाक होते, कारण जुन्या कागदांत शक, फसली आणि शुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना येतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसली सनात ५९० आणि शुहूर सनात ५९९. फसली १३२० म्हणजे १९१०-११. शुहूर सन अरबी शब्दांत आणि एककापासून लिहिलेला असतो : ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७१, म्हणजे १७७०-७१. फसली आणि शुहूर ही दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास बदलतात, त्यामुळे महिना पाहिल्याशिवाय इसवी सन एकाच आकड्यात लिहू नये. हिशेब १ एप्रिल १९५७ पूर्वीचा असेल तर तो रुपये, आणे, पै असा आहे : १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैचा आणा.

दगड आणि माणसे

लोकल बोर्डाच्या काळातील शाळा, धर्मशाळा, विहिरी आणि मोऱ्या यांवर काही ठिकाणी कोरीव पाटी असते आणि बहुधा ती चुन्याच्या अनेक थरांखाली बुजलेली असते. तारेच्या ब्रशने किंवा पटाशीने ती खरवडू नये. अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. सायंकाळी अंधार पडल्यावर विजेरी पाटीच्या कडेला, भिंतीला जवळजवळ टेकवून धरावी. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरांत सावली भरते आणि ‘जि. लो. बो. नाशिक’ एवढे तरी बहुधा वाचता येते. त्याच उजेडात छायाचित्र काढावे, आणि पाटीची मापे व दिशा टिपून ठेवावी.

माणसांना विचारताना ‘गावाचा इतिहास सांगा’ असे म्हटले की शिवकाळापासून सुरुवात होते आणि कारभाराविषयी काहीच हाती लागत नाही. वस्तूविषयी विचारावे. एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “तात्या, कोंडवाड्याची किल्ली कोणाकडे असायची?” ते म्हणाले, “आधी पाटलांच्या ओसरीला, खुंटीवर. पंचायत आली तशी शिपायाच्या करगोट्याला.” मग कोणाचे बैल कोंडले गेले, दंड कोणी माफ केला, कोणाचा माफ केला नाही, हे सगळे ओघाने आले. त्या एका किल्लीने सत्ता कोणाच्या घरातून कोठे गेली हे सांगितले. बायकांना पाणवठ्याविषयी आणि सुईणीविषयी स्वतंत्रपणे विचारावे, आणि ज्यांना त्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्या वस्तीत जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत.

ऐकलेली गोष्ट, कागदावरची नोंद आणि आपला तर्क या तीन गोष्टी लेखनात वेगळ्या दिसल्या पाहिजेत. शाळेच्या रजिस्टरातील जाती, जुनी भांडणे आणि जमिनीचे चालू वाद यांतील व्यक्तींची नावे छापू नयेत. कारभार समजण्यासाठी त्यांची गरज पडत नाही.

मजकूर तयार झाला की कालपटाचा तो कागद पुन्हा समोर घ्यावा आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या रकान्यांशी ताडून पाहावे. जेथे रकाना कोरा राहिला आहे, तेथे तो पुस्तिकेतही कोराच छापावा आणि खाली कोणत्या कचेरीत, कोणत्या वर्षी विचारले ते लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला तीच पायरी पुन्हा चढावी लागणार नाही. छायाचित्रांच्या फायलींना वर्ष, दप्तराचे नाव आणि पान क्रमांक या क्रमाने नावे द्यावीत. सगळ्याच्या तीन प्रती कराव्यात : एक शाळेच्या कपाटात, एक ग्रामपंचायतीत, आणि तिसरी ज्या तालुक्यातून गाव फुटून निघाले त्या तालुक्याच्या वाचनालयात.